वाकड्या पाठीचे रोहू

महिपत जेवताना निदान तीनदा उठतो. एकदा पाणी आणायला, एकदा बाहेर कुत्रं का भुंकलं ते बघायला आणि एकदा नुसताच. उष्ट्या हाताने दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो आणि विचारतो, "काय म्हनत होतीस?" कोणी काही म्हणत नसतं. त्याची बायको शालू म्हणते, "लग्नात हा बोहल्यावर उभा तरी कसा राहिला, देव जाणे." मी तिला सांगते, "तुला अंतरपाटामागून दिसलं नाही बाई. पाट धरणाऱ्या दोघांना तो सांगत होता, नीट ताणून धरा म्हणून."

महिपत माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. सासू मिठागरावर कामाला जायची, त्यामुळे त्याला आंघोळ घालणं, त्याचं नाक पुसणं माझ्याकडे आलं. आज तो चौसष्ट वर्षांचा आहे. नाक स्वतः पुसतो. बाकी फारसा फरक नाही.

पण गेल्या श्रावणापासून दत्तजयंतीपर्यंत त्याने जी धावपळ मांडली, तशी मी कधीच बघितली नव्हती. जेवणातून उठला की परतच यायचा नाही. ताटावर झाकण ठेवून आम्ही वाट बघायचो आणि तो गेलेला असायचा खदानीवर. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी गावकी ठरवणार होती की महिपतची खदान राहणार की बुजणार.

आमचं गाव शीळफाट्यावरून रिक्षाने दहा मिनिटं. शहाऐंशी घरं, सगळी आगऱ्यांची. गावाच्या समाईक जागा, देऊळ, भांडीकुंडी यांचा कारभार घराघरातले कर्ते मिळून बघतात, त्यांनाच आम्ही गावकी म्हणतो. पोलीस गावात नंतर येतात, गावकी आधी येते. गावामागच्या डोंगरात पूर्वी खडी काढायचे. खडीवाले गेले, तीन पुरुष खोल खड्डा राहिला, त्यात पावसाचं पाणी साठलं. ती खदान. जागा गावकीची.

महिपत एकोणिसाव्या वर्षी वागळे इस्टेटात रंगाच्या कंपनीत लागला. काम पावडरी मोजून मिसळायचं. संध्याकाळी घरी यायचा तो कधी निळे कान घेऊन, कधी पिवळ्या भुवया. त्याच्या पहिल्या मुलीने त्याचा खरा रंग शिमग्याच्या सुट्टीत बघितला, बाकी लोकांच्या उलट. त्याचा तिथला सोबती रवींद्र सांगतो की काट्यावर पावडर ठेवली की महिपत दगडासारखा स्थिर व्हायचा, श्वाससुद्धा अर्धाच घ्यायचा. मला हे पटायला वेळ लागला, पण रवींद्र खोटं बोलणारा माणूस नाही. तेहतीस वर्षांत महिपतची एक घाण चुकली नाही. घाण म्हणजे एका वेळचं मिश्रण. हे तो आजही कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

मग कंपनी गुजरातला गेली. महिपत घरी आला आणि त्याने गाव दुरुस्त करायला घेतलं. देवळाचा नळ त्याने इतक्यांदा दुरुस्त केला की शेवटी तो गळायला लागला. माझी शिलाई मशीन उघडली, ती आजतागायत उघडीच आहे. अशी आठ वर्षं गेल्यावर शालूने गावकीपुढे जाऊन हात जोडले, "याला ती खदान द्या. मासे पाळू दे, नायतर खडे पाळू दे, पण याला घराबाहेर काढा."

गावकीने खदान दिली. अट एकच. दर वर्षी पहिल्या जाळ्याचा वाटा गावातल्या प्रत्येक घराला गेला पाहिजे.

महिपतने रोहू आणि कटल्याची बोटुकली आणून सोडली. बोटुकली म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं. आमची माणसं खाडीची. जिताडा, निवटी, कोळंबी यांत वाढलेली. रोहू म्हटलं की बायका नाकाला पदर लावायच्या, "त्याला मातीचा वास येतो गो." महिपत चिडायचा. "खदानीत मातीच नाय, तर वास येनार कुठून? खाली नुसता दगड हाय."

ते खरं होतं. पण दुखणंही त्यातच होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गावच्या तळ्यात तळाला गाळ असतो, त्यात किडामुंगी असते, शेवाळ असतं, मासा त्यातून आपलं काहीबाही मिळवतो. खदानीच्या तळाला दगड. महिपत जे हाताने घालेल तेवढंच माशाच्या पोटात. आणि तो घालायचा तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. मोजून, चाळून, गोळे करून. दोनच जिन्नस, पण तोळाभर इकडचा तिकडे नाही.

पहिल्या वाट्याच्या दिवशी देवळासमोर ताडपत्री टाकली. शहाऐंशी वाटे झाले. लोक नाकं मुरडत का होईना, घेऊन गेले. तासाभरात बायका ताटं घेऊन परत येऊ लागल्या. कुणाच्या रोहूची पाठ शेपटीपाशी आकड्यासारखी वळलेली. कुणाच्या माशाचं डोकं दबलेलं, जणू कोणी अंगठा ठेवून दाबलंय. सगळे तसे नव्हते, पण बारा-पंधरा होते, आणि बारा-पंधरा गावाला पुरतात. दुपारपर्यंत गावभर झालं की खदानीत कंपन्यांचं विषारी पाणी उतरतं. एका घरची सून पाच महिन्यांची पोटुशी होती, तिच्या आईने डोंबिवलीहून फोन करून सांगितलं की त्या गावचं पाणीसुद्धा पिऊ नकोस.

काळुराम म्हणाला, "महिपतची मासळी महिपतसारखीच. सरळ एका जागी राहील कशी?"

काळुराम आमच्या गावकीतला पुढारी. तसा वाईट माणूस नाही. कोणाकडे मयत झालं की पहिला येऊन बांबू आणायला पाठवतो. पण त्याच्या मुलाचे दोन डंपर आहेत. ठाण्यात जुन्या बिल्डिंगी पडताहेत, त्यांचा राडारोडा टाकायला जागा लागते, आणि खदान म्हणजे गावाच्या दारातला आयता खड्डा. तो बुजला की वर गाड्यांचं पार्किंग.

त्या दिवशी संध्याकाळी महिपत माझ्या ओट्यावर येऊन बसला, उठला, बसला. म्हणाला, "वयनी, हाडंच वाकतात त्यांची."

आता इथून पुढचं मला नीट सांगायला हवं.

माझे गुडघे गेलेत. कळव्याच्या डॉक्टरने मला पांढऱ्या मोठ्या गोळ्या दिल्या आहेत. हाडांसाठी कॅल्शियम. गिळताना घशात अडकतात म्हणून मी त्याला विचारलं होतं, हे बनवतात कशाचं, आणि त्याने हसत सांगितलं होतं, "आजी, शिंपल्यांचं म्हणा." ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी दोन यत्ता शिकलेली बाई. जे थोडं कळतं ते मी सोडत नाही.

मी म्हटलं, "अरे, माशाची पण हाडंच ना? त्याला चुना कमी पडतोय. शिंपल्यांची पूड घाल."

महिपत तीन श्वास एका जागी बसून राहिला. ते त्याच्यासाठी फार. मग उठला आणि म्हणाला, "शिवल्यांच्या?"

आमच्या गावात शिवल्या आणि कालवं न खाणारं घर नाही. प्रत्येक परसात टरफलांचा ढीग असतो. मी आळीतल्या बायकांना सांगितलं, टाकू नका, माझ्याकडे आणून द्या. घमेली भरभरून शिंपल्या आल्या. मी त्या चुलीत भाजल्या, उखळात कुटल्या, महिपतने कपड्याने चाळल्या. मैद्यासारखी पूड झाली. मला इतका आनंद झाला होता की मी गुडघे विसरले. महिपत पेंडीत पूड मिसळायचा. आधी थोडी, मग फरक दिसेना म्हणून जास्त, मग आणखी जास्त.

वर्ष गेलं. मासळी सुकली. लांबी वाढेना, अंग धरेना, आणि वाकड्यांची संख्या वाढली. दुसऱ्या वर्षीचा वाटा अर्ध्या घरांनी घेतलाच नाही.

आषाढात गावकी बसली. काळुरामने मांडलं की श्रावणात नवी बोटुकली सोडायची असतील तर सोड. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर जाळं टाकायचं. नवी मासळीही वाकडी निघाली तर खदान बुजवायची. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं होतं, पोराला अजून एखादं वर्ष द्या. पण महिपतला बैठकीत बसवेना. तीनदा चप्पल घालून काढली त्याने. "चालंल, चालंल," म्हणून मोकळा झाला आणि निघून आला. घरी आल्यावर त्याला कळलं की आपण काय मान्य केलंय. शालू म्हणाली, "अजून पाच मिनिटं बूड टेकवलं असतंस तर एक वर्ष मिळालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक वाकडा रोहू बर्फाच्या पिशवीत घालून वागळे इस्टेटात रवींद्रच्या घरी गेला. रवींद्रची मुलगी दर्शना माशांचंच शिकलेली आहे. रत्नागिरीच्या कॉलेजात. आता कल्याणला मासळीचं खाद्य आणि बियाणं विकणाऱ्या दुकानात नोकरी करते. गिऱ्हाइकांच्या तळ्यांवर जाऊन बघणं हेही तिचं काम.

रविवारी ती स्कूटरवरून आली. हेल्मेट काढलं, केस झटकले आणि मला म्हणाली, "आजी, जय भीम. काका कुठेत?"

"आत्ता इथेच होता," मी म्हटलं. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते.

तिने खदानीचं पाणी बाटलीत भरलं, त्यात थेंब टाकून रंग बघितला, वहीत लिहिलं. चार मासे हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवलं. मग पडवीत आली जिथे महिपतची पोती असतात.

"काका, खायला काय देता?"

"कोंडा अन् पेंड."

"अजून?"

"अजून काय नाय."

तिने पोत्यात हात घातला आणि बोटं चोळली. बोटांना पांढरं लागलं. "हे काय?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. महिपतने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. त्याची मान मी धुतलेली आहे.

"शिंपल्यांची पूड," तो म्हणाला. "मीच टाकली. हाडांसाठी."

"किती?"

त्याने सांगितलं. दर्शनाने कपाळाला हात लावला.

"काका, अहो, मासा कॅल्शियम पाण्यातनं घेतो. कल्ल्यातनं. या खदानीच्या पाण्यात ते भरपूर आहे, मी आत्ताच बघितलं. माशाला कमी पडतोय फॉस्फरस. तो पाण्यात नसल्यासारखाच, तो खाण्यातनंच द्यावा लागतो."

"कोंड्यात नसतो?"

"असतो. पण असा बांधलेला असतो की रोहूच्या पोटात सुटत नाही. आला तसा बाहेर जातो. आणि जो काय थोडा मिळत होता ना, तो तुमच्या या पुडीने धरून ठेवला. जास्त कॅल्शियम झालं की फॉस्फरस अंगी लागत नाही. म्हणजे आधी उपाशी होते, तुम्ही वरनं तोंड पण बांधलं."

महिपत म्हणाला, "हां." एवढंच.

मी कप खाली ठेवले आणि आत आले. चुलीपुढे बसले. उखळ कोपऱ्यात होतं, त्याच्याकडे बघवेना. मला वाटलं तो आता आत येईल आणि म्हणेल, वयनी, बघ काय केलंस. महिपतच्या पोटात गोष्ट राहत नाही. शालूच्या माहेरची भांडणं गावाला त्याच्याचमुळे माहीत आहेत. पण तो आला नाही. संध्याकाळी आळीतली एक बाई घमेलं घेऊन आली तर तिला म्हणाला, "आता पुरे झाल्या, काकी." मला त्या रात्री काही म्हणाला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. बोलला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तो बोलला नाही, म्हणून मला चैन पडेना. मीसुद्धा जेवणातून उठायला लागले.

दर्शनाने सगळं नव्याने लावून दिलं. खदानीचा एक कोपरा जाळीने वेगळा केला आणि नवी बोटुकली त्यात सोडली. माशांसाठीचं खनिज मिश्रण आणलं, पांढरट करडी पावडर. त्यात फॉस्फरस जास्त, शिवाय जस्त, मँगनीज आणि असलंच काय काय चिमूट चिमूट. शंभर किलो खाण्याला एक किलो. महिपतने विचारलं, "गुरांचं मिनरल मिळतं ते नाय चालनार? शीळच्या दुकानात हाय."

"नाही चालणार. गाईचं गाईला. आणि काका, एकच किलो. तुमच्या मनाने दीड नाही."

"मी तेहतीस वरसं..."

"माहितीये काका. बाबा पण रोज सांगतात. म्हणूनच सांगतेय."

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. पावडर नुसती वरून भुरभुरली तर पाण्यात पडल्याबरोबर धुऊन जाते, माशाला काहीच मिळत नाही. ती आधी थोड्या कोंड्यात मिसळायची, मग ते सगळ्यात, मग तांदळाची घट्ट पेज आणि थोडं तेल घालून मळायचं, शेवेसारखं पाडायचं, सावलीत वाळवायचं. आमच्या घरचा चकलीचा सोऱ्या त्यात गेला. त्या दिवाळीला चकल्या झाल्या नाहीत. मासे मात्र शेव खात होते.

मिसळताना मी महिपतला पहिल्यांदा बघितलं, रवींद्र सांगायचा तसा. काट्यापुढे उकिडवा बसलेला, पापणी हलत नव्हती. मी दोनदा हाक मारली तर त्याला ऐकूच गेलं नाही. पण मिसळून झालं की पुन्हा सुरू. खदानीवर जा, ये, जा. पाग टाकून पिल्लं वर काढायची, पाठीवरून बोट फिरवायचं, परत सोडायची. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. दिवसातून दोनदा. एकदा दर्शना अचानक आली आणि तिने बघितलं.

"काका! सारखं हाताळू नका ना! खवलं निघतात, आजारी पडतील. वाकडे व्हायचे नसले तरी मरतील."

"मग मना कळनार कसा?"

"नाही कळणार. दत्तजयंतीला कळेल."

"अन् जुने? ते सरळ होतील?"

"नाही काका. एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही. नव्यांचं पण मी लिहून देणार नाही. दुसरी कारणं पण असतात. बियाणंच तसं असतं कधी."

शालूने पाग माझ्या कॉटखाली लपवली. महिपतने सगळं घर शोधलं, माझी कॉट सोडून. माझ्यावर त्याला संशय आला नाही. हेही मला लागलं.

दिवस मोजत मार्गशीर्ष आला. काळुराम येता-जाता विचारायचा, "काय महिपत, कोनती दिशा धरली मासळीनं?" महिपत हसायचा आणि झपझप पुढे जायचा. एकदा काळुरामचा मुलगा खदानीच्या काठावर टेप घेऊन मापं घेताना दिसला. त्या दिवशी महिपत जेवलाच नाही.

ठरल्या दिवशी सकाळी आठला सगळं गाव खदानीच्या काठावर. थंडी होती, बायका शाली घेऊन आल्या होत्या. दर्शनाला बोलावलं होतं, पण ती म्हणाली, मी आले तर लोक म्हणतील मॅडमने हातचलाखी केली. महिपत आणि आळीतले चौघे पाण्यात उतरले.

पहिलं जाळं मोठ्या भागात पडलं. जुनी मासळी. ओढून काठावर आणली आणि लोकांनी एकदम श्वास घेतला. ताडपत्रीवर वाकडेच वाकडे. एकाची पाठ तर दोन ठिकाणी मोडल्यासारखी. पोटुशी सून होती ती आता बाळ कडेवर घेऊन आली होती, तिने बाळाचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"हे जुने," महिपत म्हणाला. "नवीन बगा."

दुसरं जाळं कोपऱ्यातलं. पाव किलोचे रोहू, चांदीसारखे, उड्या मारत. काळुरामने दोन माणसं बसवली आणि एकेक हातात घेऊन बघायला सांगितलं. सरळ. सरळ. सरळ. मी मनातल्या मनात कुलदेवीला नारळ बोलत होते. साठाव्या माशानंतर एक वाकडा निघाला. मग बरेच सरळ. मग आणखी एक. शेवटी दोनशे बारा मासे झाले आणि त्यात सात वाकडे.

दोनशे पाच सरळ होते, पण काळुरामच्या हातात सातांपैकी एक होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

"हे काय?" तो म्हणाला. "म्हंजे पान्यात दोष हाय. कमी झाला, पन हाय. कंपनीचं पानी उतरतंय."

"पान्यात काय नाय," महिपत म्हणाला. "खान्यात चूक होती. मिसळन्यात."

"कसली चूक?"

"झाली."

"अरे, कसली पन? सांग ना गावाला. तेहतीस वरसं पावडरी मिसळल्यास, एक घाण चुकली नाय म्हनतोस, अन् माशाचं खानं चुकलास?"

लोक हसले. महिपत कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. हलत नव्हता. त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं, एका वाक्याचं होतं, आणि माझ्याकडे बघू नये म्हणून तो पाण्याकडे बघत होता. माझ्या आयुष्यात मी त्याला इतका वेळ एका जागी उभा बघितलेला नाही.

मी उठले. गुडघे वाजले ते पुढच्या बाईलाही ऐकू गेले असतील.

"माझी चूक," मी म्हटलं. "शिंपल्यांची पूड मी घालायला लावली. माझ्या गोळ्या बघून. त्याने बिचाऱ्याने माझं ऐकलं. त्या पुडीनेच मासे आणखी वाकले, दर्शना सांगून गेली. पुरावा पायजे तर माझं उखळ बघा, अजून पांढरं हाय."

काळुराम म्हणाला, "काकी, तू याला वाचवायला..."

"गप रे. एवढ्या शिवल्या मी एकटीने खाल्ल्या का? आळीतल्या सगळ्यांनी टरफलं दिली. तुझ्या सुनेने सगळ्यात जास्त दिली. तीन घमेली. वर कालवांची वेगळी."

काळुरामची सून मागे उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडते, मग कळलं हसतेय. शेजारची म्हणाली, "माझी पन दोन घमेली गेली गो." दुसरी म्हणाली, "मी तर भावाकडनं दिव्याहून पिशवी भरून आनलेली." मग हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "म्हंजे कंपनी कुठली रं काळुराम, इष तर तुझ्याच परसातलं!"

काळुरामने हातातला मासा हळूच बाकीच्यांत ठेवला.

गावकी तिथेच काठावर बसली. तासभर चाललं. या खेपेला महिपत शेवटपर्यंत बसला, कारण शालू त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागे बसली होती. ठरलं ते असं. खदान एक वर्ष बुजणार नाही. पुढच्या दत्तजयंतीला पुन्हा घरोघर वाटा. आणि जुनी वाकडी मासळी आजच्या आज बाहेर काढायची, लोकांना ती डोळ्यांसमोर नको.

ते त्याला जड गेलं. तीन वर्षं हाताने भरवलेले. दुपारपर्यंत तो पाण्यातच होता. काढलेले मासे काही लोकांनी नेले. काळुरामनेही दोन नेले, न बोलता, पिशवीत. आमच्या घरी चार आले. हळद-मीठ लावून तळले. चवीला काही वाईट नव्हते, फक्त कापताना सुरी कुठे जाईल त्याचा नेम नव्हता.

जेवताना महिपत मला म्हणाला, "तू कशाला बोललीस? मी गप होतो ना."

"तू गप होतास म्हणूनच."

"गावात तुझं नाव निघालं."

"चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी. रेशन कार्डावर आहे तेवढं नाव पुरे मला."

तो हसला. मग फोन वाजला, दर्शनाचा. तिने आधीच रवींद्रकडून ऐकलं होतं, पण तिला आकडे हवे होते. महिपतने फोनचा आवाज मोठा केला.

"दोनशे बारात सात? काका, मस्त आहे! मोठ्या मोठ्या फार्मवर पण तेवढे निघतात."

"पन ते सात का?"

"का म्हणजे... काहीही असेल. बियाणं असेल. तुम्ही सारखे हाताळलेत ते असेल. सगळ्याचं कारण नाही मिळत."

"दोनशे बारात सात, म्हंजे शहाऐंशीत तीन." तो ताटावरून उठला होता. "तीन घरांना वाकडा जानार."

"मग वाटे करायच्या आधी बघून घ्या ना. वाकडे बाजूला काढायचे, सिंपल."

मला तिचं हसू आलं. शहराची पोर. आमच्याकडे वाटा निवडून देत नाहीत. मासळी जशी आली तशी ढिगाढिगाने मांडतात, एक माणूस वाट्यावर काठी ठेवतो आणि दुसरा पाठ करून उभा राहून घराचं नाव घेतो. कोणाला काय आलं ते नशीब. निवडून दिलेला वाटा कोणी घरात घेणार नाही.

"तसा चालत नाय," महिपत तिला म्हणाला. "दर्शना, त्या पावडरीतलं जस्त किती म्हनालीस तू? अन् पेज आपन गरम घालतो, का गार घालायला पायजे?"

"काका, आज तरी जेवा."

"जेवलो. सांग, गरम का गार?"

ती सांगत होती आणि तो फोन कानाला लावून दाराबाहेर गेला. शालूने त्याच्या ताटावर झाकण ठेवलं. अंगणातून त्याचा आवाज येत होता, जवळ, लांब, परत जवळ. मग गेटची कडी वाजली.

"कोणती तीन घरं असतील गो?" शालूने मला विचारलं.